वीस फुटी भिंतीवर दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांचा इतिहास कसा मांडावा

ठाण्यात वीस फूट सलग भिंत शोधायला फार फिरावे लागत नाही. शाळेचा व्हरांडा, वाचनालयाचा हॉल, सोसायटीचे कार्यालय, गणेशोत्सवाच्या मंडपाची एक बाजू, काहीही चालते. तेवढ्या भिंतीवर दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांचा पूर्ण इतिहास बसतो, आणि तोही मापात. पहिली स्पर्धा सप्टेंबर १९८४ ची, तेरावी डिसेंबर २०१९ ची. मध्ये ४२३ महिने. एका महिन्याला चार सूत, म्हणजे अर्धा इंच दिला की १७ फूट साडेसात इंच होतात, आणि दोन्ही टोकांना जेमतेम सव्वा फूट मोकळे राहते.

अशी प्रदर्शने बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतात. तेरा स्पर्धांचे तेरा पदकतक्ते छापून ओळीने लावले जातात. तेराही तक्त्यांत भारत पहिला. तिसऱ्या तक्त्यापाशी मुले पुढे पळतात आणि मोठी माणसे मोबाइल काढतात. या स्पर्धांची खरी गोष्ट पदकांच्या बेरजेत सापडत नाही. ती सापडते दोन स्पर्धांमधल्या अंतरात, कारण कागदावर दर दोन वर्षांनी भरणारी ही स्पर्धा प्रत्यक्षात कधी सव्वा वर्षाने भरली, तर कधी सहा वर्षांनी. म्हणून भिंतीवर आधी काळ आखायचा आणि पदके त्याच्यावर बसवायची.

आधी कागद, मग भिंत

पहिले दोन आठवडे फक्त माहितीला द्या. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये सात रकाने करा: क्रमांक, महिना आणि वर्ष, शहर, स्पर्धेचे तेव्हाचे नाव, देशांची संख्या, एक लक्षात राहणारा प्रसंग आणि शेवटचा रकाना ‘दोन ठिकाणी पडताळले का’. शेवटच्या रकान्यात खूण नसलेली एकही ओळ छपाईला जाऊ देऊ नका.

चुका कुठे होतात ते आधीच माहीत असले तर निम्मे काम वाचते.

पहिला गोंधळ नावाचा. सुरुवातीला ही स्पर्धा दक्षिण आशियाई महासंघ क्रीडा स्पर्धा म्हणून भरायची आणि बोलताना सगळे ‘सॅफ गेम्स’ म्हणायचे. २००४ मध्ये ‘महासंघ’ हा शब्द गळला. त्यामुळे १९९९ पर्यंतच्या फलकांवर सॅफ गेम्स आणि २००६ पासून दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा असे लिहा. २००४ च्या फलकावर दोन्ही नावे येऊ द्या. मराठीत आणखी एक खड्डा आहे. दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाचे लघुरूपही देवनागरीत ‘सॅफ’च होते. इंग्रजीत एका अक्षराचा फरक दिसतो, आपल्याकडे तोही दिसत नाही. ‘सॅफ विजेतेपद’ एवढेच लिहिलेले कात्रण सापडले तर ते फुटबॉलच्या वेगळ्या स्पर्धेचे आहे का ते आधी पाहा. ती स्पर्धा १९९३ मध्ये लाहोरला सार्क सुवर्णचषक या नावाने सुरू झाली आणि १९९३ मध्येच डिसेंबरात ढाक्याला सॅफ गेम्सही झाले. एकाच वर्षाची दोन कात्रणे सहज अदलाबदल होतात.

दुसरा गोंधळ सार्कचा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या सहकार्य संघटनेचा. ‘सार्क देशांनी सुरू केलेली स्पर्धा’ हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की कुणी थांबत नाही. सार्कची स्थापना ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात झाली. पहिली क्रीडा स्पर्धा त्याआधी सव्वा वर्ष काठमांडूत पार पडली होती. सार्कची पहिली बैठक उठली आणि दोन आठवड्यांच्या आत त्याच ढाक्यात दुसऱ्या स्पर्धेला सुरुवात झाली. अफगाणिस्तानचेही तसेच: मैदानात २००४ ला, सार्कमध्ये २००७ ला. दोन्ही वेळा खेळाडू मुत्सद्द्यांच्या आधी पोहोचले. हे वाक्य मोठ्या अक्षरांत एका वेगळ्या फलकावर टाकण्यासारखे आहे.

तिसरी चूक शहरांच्या नावांची. सातवी स्पर्धा डिसेंबर १९९५ मध्ये मद्रासला झाली. शहराचे चेन्नई झाले १९९६ मध्ये. ‘मद्रास, आताचे चेन्नई’ असे लिहा, नुसते चेन्नई नको. तिसऱ्या स्पर्धेसाठी ‘कलकत्ता’ लिहा आणि खाली बारीक अक्षरात ‘आताचे कोलकाता’.

चौथी चूक पदकांच्या आकड्यांची, आणि तिला कुणाचाच हलगर्जीपणा कारण नसतो. उत्तेजक चाचण्यांचे निकाल उशिरा येतात, पदक काढून घेतले जाते, खालचा खेळाडू वर सरकतो. समारोपाच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला तक्ता आणि वर्षभरानंतरचा तक्ता त्यामुळे जुळत नाहीत. २०१६ ची भारताची सुवर्णपदके कुठे १८८ दिसतात, कुठे १८९. एक आकडा निवडा, सगळ्या फलकांवर तोच ठेवा आणि तो कोणत्या तारखेच्या तक्त्यातला आहे ते कोपऱ्यात लिहा. क्रमवारीचा निकषही लिहा. २०१९ मध्ये नेपाळची सुवर्णपदके ५१ आणि एकूण पदके २०६, तर श्रीलंकेची सुवर्णपदके ४० आणि एकूण २५१. सुवर्ण धरले तर नेपाळ दुसरा, बेरीज धरली तर श्रीलंका. निकष न लिहिता ‘दुसरा क्रमांक’ छापलात तर उद्घाटनाच्या दिवशी कुणीतरी बोट दाखवणारच.

भिंतीची आखणी

जमिनीपासून ५० इंचांवर खडू लावलेली दोरी ताणून मारा. ही काळाची रेघ. डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नका. जुन्या इमारतींत फरशीलाच उतार असतो, म्हणून दोन्ही टोकांची उंची फरशीपासून न मोजता पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने जुळवा. मग भिंतीच्या डाव्या कडेपासून पेन्सिलीने या खुणा करा. मापे इंचांत आहेत.

सप्टेंबर १९८४, काठमांडू: १४
डिसेंबर १९८५, ढाका: २१.५
नोव्हेंबर १९८७, कलकत्ता: ३३
ऑक्टोबर १९८९, इस्लामाबाद: ४४.५
डिसेंबर १९९१, कोलंबो: ५७.५
डिसेंबर १९९३, ढाका: ६९.५
डिसेंबर १९९५, मद्रास: ८१.५
सप्टेंबर १९९९, काठमांडू: १०४
मार्च २००४, इस्लामाबाद: १३१
ऑगस्ट २००६, कोलंबो: १४५.५
जानेवारी २०१०, ढाका: १६६
फेब्रुवारी २०१६, गुवाहाटी आणि शिलाँग: २०२.५
डिसेंबर २०१९, काठमांडू, पोखरा आणि जनकपूर: २२५.५

प्रत्येक माप डाव्या कडेपासूनच घ्या. मागच्या खुणेपासून पुढची मोजत गेलात तर दर वेळी सुताचा फरक पडतो आणि शेवटचा फलक भिंतीबाहेर जातो.

फलक आडव्या ए३ मापाचे, म्हणजे साडेसोळा इंच रुंद आणि पावणेबारा इंच उंच. पहिल्या दोन खुणांत साडेसात इंचांचेच अंतर आहे, त्यामुळे सगळे फलक एका ओळीत लावले तर एकमेकांवर चढतात. विषम क्रमांकाच्या स्पर्धा रेघेच्या वर आणि सम क्रमांकाच्या खाली लावा. मग कुठेच टक्कर होत नाही. वर-खाली लावताना रेघेपासून दोन इंच सोडा. भिंत पंधरा फुटांचीच असेल तर महिन्याला तीन सूत धरा, सगळी मापे डाव्या कडेपासून नव्याने काढा आणि फलक ए४ करा. तीन सुतांच्या मापात ए३ फलक वर-खाली लावूनही चढतात.

आखणी झाली की दोन मोठ्या मोकळ्या जागा दिसतील: १९९९ ते २००४ मध्ये २७ इंच, २०१० ते २०१६ मध्ये साडेछत्तीस इंच. मंडळातला कुणीतरी म्हणेलच, ‘इथे प्रायोजकाचा बोर्ड बसेल की!’ बसेल, पण बसवू नका. त्या रिकाम्या भिंतीसाठीच तर सगळी मापे काढली आहेत. रेघेच्या खाली बोटभर उंचीच्या पट्टीवर फक्त कारण लिहा. पहिल्या जागेत: नववी स्पर्धा २००१ मध्ये इस्लामाबादला व्हायची होती, ११ सप्टेंबरचा अमेरिकेवरचा हल्ला आणि त्यानंतरचे अफगाणिस्तानातले युद्ध यांमुळे ती लांबली आणि २००४ उजाडले. दुसऱ्या जागेत: यजमानपद भारताकडे होते, आणि डिसेंबर २०१२ ते फेब्रुवारी २०१४ या काळात भारतीय ऑलिम्पिक संघच आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या निलंबनाखाली होता. हा काळ लाल चिकटपट्टीने दाखवायचा तर ती सात इंचांची होते. ती लावल्यावर वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

फलकांवर काय लिहायचे

एका फलकावर साठ ते सत्तर शब्द, त्याहून जास्त नकोत. मथळा ७२ पॉइंट, मजकूर २८ पॉइंट. चार फुटांवरून वाचता आला पाहिजे, कारण रांगेत उभा असलेला माणूस त्याहून जवळ येत नाही. पहिल्या फलकाचा मजकूर असा होऊ शकतो:

‘सात देश, पाच खेळ: ॲथलेटिक्स, फुटबॉल, जलतरण, मुष्टियुद्ध, भारोत्तोलन. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान, मालदीव. दशरथ रंगशाळा हे मुख्य मैदान. भारताला ४४ सुवर्णपदके. फुटबॉलचे सुवर्ण मात्र यजमानांचे: अंतिम सामन्यात नेपाळने बांगलादेशला ४–२ असे हरवले.’

याच साच्यात पुढे जा. प्रत्येक फलकावर भारताचा आकडा एका ओळीत उरका आणि उरलेली जागा शेजाऱ्यांना द्या. ढाका १९८५ आणि कलकत्ता १९८७ या दोन्ही फलकांवर शाह आलम हवाच. बांगलादेशच्या या धावपटूने दोन्ही वेळा शंभर मीटर जिंकली. १९९३ ला ढाक्यात पुन्हा शंभर मीटरचे सुवर्ण बांगलादेशकडे गेले, या वेळी बिमलचंद्र तरफदारकडे. १९९९ च्या फलकावर नेपाळच्या ३२ सुवर्णपदकांची नोंद घ्या, कारण घरच्या मैदानावर तो भारताच्या मागोमाग दुसरा आला. २०१० च्या फलकावर पाकिस्तानची नसीम हमीद: महिलांची शंभर मीटर, ११.८१ सेकंद. त्याच वर्षी महिलांचे फुटबॉल आणि क्रिकेट स्पर्धेत आले असे लिहिण्याचा मोह होतो; क्रिकेटमध्ये २०१० ला पुरुषांची स्पर्धा होती आणि तिचे सुवर्ण बांगलादेशने घेतले, एवढेच लिहा. महिलांच्या फुटबॉलचे पहिले सुवर्ण भारताचे.

२०१६ हा मराठी वाचक थबकेल असा फलक. खो-खो त्या वर्षी स्पर्धेत आला आणि दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने बांगलादेशला हरवले. महिला संघाची कर्णधार धाराशिवची सारिका काळे होती. महिलांची मॅरेथॉन नाशिकच्या कविता राऊतने जिंकली. शुभंकर टिखोर, म्हणजे गेंड्याचे पिल्लू. श्रीलंकेचा जलतरणपटू मॅथ्यू अबेसिंघे याची सात सुवर्णपदके याच फलकावर घ्या. ती राहून गेली तर फलक एकतर्फी होतो.

२०१९ चा मजकूर कापताना हात जड होतो, इतके त्यात आहे. दशरथ रंगशाळा २०१५ च्या भूकंपात खचली होती, ती सावरून उद्घाटन तिथेच झाले. म्हणजे पहिली, आठवी आणि तेरावी स्पर्धा एकाच मैदानाची. या तीन खुणा पिवळ्या दोऱ्याने जोडता येतात. मालदीवच्या हसन सईदने पुरुषांची शंभर मीटर जिंकली आणि पहिल्या स्पर्धेपासून येणाऱ्या त्या देशाला पस्तीस वर्षांनी पहिले सुवर्ण मिळाले. तिरंदाजीची दहाच्या दहा सुवर्णपदके बांगलादेशने नेली. इथे एक ओळ जोडायला विसरू नका: भारतीय तिरंदाजी संघटना तेव्हा जागतिक संघटनेच्या निलंबनाखाली होती, त्यामुळे भारत मैदानात नव्हता. ही ओळ नसेल तर बांगलादेशची कामगिरी अचाट वाटते, आणि ही ओळ फार मोठी केली तर ती फुकटची वाटते. दोन्ही टाळा. बाण त्यांनाच मारावे लागले होते.

फुटबॉलचा वेगळा फलक

जास्तीचे फलक करायचे तर पहिला मान फुटबॉलचा. तेरा स्पर्धांमधली पुरुषांची सुवर्णपदके अशी: नेपाळ चार (१९८४, १९९३, २०१६, २०१९), पाकिस्तान चार (१९८९, १९९१, २००४, २००६), भारत तीन (१९८५, १९८७, १९९५), बांगलादेश दोन (१९९९, २०१०). सगळ्या पदकतक्त्यांत पहिला असलेला देश इथे तिसरा. १९९१ ला मालदीव आणि २०१० ला अफगाणिस्तान अंतिम सामन्यात हरले, २०१९ ला भूतान हरला. म्हणजे आठही देश कधी ना कधी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात उतरले, कारण २००६ ला पाकिस्तानसमोर श्रीलंका होता. हा फलक तयार करताना तेरा वर्षांची बेरीज पुन्हा करा: ४ + ४ + ३ + २. तेरा आले नाहीत तर कुठेतरी मैत्रीपूर्ण सामना किंवा ती दुसरी ‘सॅफ’ घुसली आहे. २००४ पासून इथे तेवीस वर्षांखालील संघ खेळतात, ही तळटीप द्या.

बाकीच्या जास्तीच्या फलकांत सार्क आणि अफगाणिस्तानचा एक, खो-खोचा एक, नकाशाचा एक, झेंड्यांचा एक, आणि २०११ च्या दोन भावंडांचा एक: डेहराडून व औलीची हिवाळी स्पर्धा आणि श्रीलंकेतल्या हंबनटोटाची समुद्रकिनारी स्पर्धा. हे सहा फलक समोरच्या भिंतीवर लावा, काळाच्या रेघेत घुसवू नका.

झेंडे आणि नकाशा

छपाईवाल्याकडे तयार झेंड्यांचा साचा असतो आणि तो सगळे झेंडे एकाच चौकटीत ताणतो. नेपाळचा झेंडा आयताकृती नाही, तो उंचीला जास्त आणि रुंदीला कमी आहे. तो ताणला किंवा पांढऱ्या आयतात कोंबला की चूक लांबूनही दिसते. बांगलादेशचा लाल गोल मधोमध नसतो, काठीच्या बाजूला थोडा सरकलेला असतो. पाकिस्तानचा पांढरा पट्टा काठीच्या बाजूला असतो. श्रीलंकेच्या सिंहाचे तोंड काठीकडे असते. चित्र आरशासारखे उलटले तर सिंह आणि पट्टा दोन्ही फिरतात, म्हणून प्रूफमध्ये आधी हे दोन झेंडे तपासा. प्रत्येक झेंड्याची उंची सारखी ठेवा, रुंदी त्याची त्याला ठरवू द्या.

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून घेतलेलाच वापरा. गुगलवर सापडलेल्या चित्रात काश्मीरची सीमा बऱ्याचदा तुटक रेषेत असते, आणि सार्वजनिक ठिकाणी तसा नकाशा लावणे कायद्याच्या कचाट्यात येते.

छपाई आणि लावणी

८ बाय ४ फुटांच्या एका सनबोर्डमधून ए३ मापाचे वीस तुकडे निघतात. तेरा आणि सहा मिळून एकोणीस झाले, विसावा चूक सुधारायला राखून ठेवा. तो लागतोच. जाडी ५ मिलिमीटर घ्या. ३ मिलिमीटरचा बोर्ड दमट हवेत आठवड्याभरात धनुष्यासारखा वाकतो. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण त्यावर २८ पॉइंटची अक्षरे फुटतात आणि दिव्याची चमक डोळ्यांवर येते. व्हिनाइल मॅटच सांगा.

मराठी मजकूर वर्डच्या फाइलमध्ये कधीही देऊ नका. बऱ्याच दुकानांत अजून जुन्या टंकांवर काम चालते आणि युनिकोड मजकूर त्यांत ओतला की ‘र्‍या’ तुटतो, रफार पुढच्या अक्षरावर जातो, वेलांटी सुटी पडते. फाँट एम्बेड केलेली पीडीएफ द्या, किंवा कोरलमध्ये अक्षरे कर्व्हमध्ये बदलून मग द्या. तरीही एका फलकाचे प्रूफ हातात घेऊन ‘राष्ट्र’, ‘सुवर्ण’, ‘ॲथलेटिक्स’, ‘दुसऱ्या’ हे चार शब्द बोटाने वाचा. चारही नीट असतील तर बाकीचे सहसा नीट असतात.

जून ते सप्टेंबर या काळात खाडीच्या बाजूच्या भिंती ओल धरतात आणि फोमचा डबल टेप रात्रीत सुटतो. डिस्टेंपर मारलेल्या भिंतीवर तर कोरड्या दिवसांतही टेप चुन्याची भुकटीच धरून ठेवतो. अशा ठिकाणी भिंतीच्या वरच्या भागात दोन टोकांना खिळे ठोकून नायलॉनची दोरी ताणा आणि फलक बाइंडर क्लिपांनी लोंबते ठेवा. वीस फुटांत दोरीला झोळ पडतो, म्हणून मध्ये दोन खिळे जास्त घ्या. ऑइलपेंटच्या भिंतीवर टेप चालतो, मात्र आधी कोरड्या फडक्याने पुसा आणि प्रत्येक कोपरा अर्धा मिनिट दाबून धरा. पंखा थेट फलकांवर येत असेल तर तो बंद ठेवायची सूचना बटणापाशीच चिकटवा.

काम संपले असे वाटेल तेव्हा उजवे टोक पाहा. २०१९ च्या खुणेनंतर भिंतीवर साडेचौदा इंच उरतात. अर्ध्या इंचाच्या हिशेबाने ती जागा मे २०२२ ला संपते. चौदाव्या स्पर्धेचे यजमानपद पाकिस्तानला मिळाले आणि तारखा एकामागोमाग एक पुढे गेल्या. म्हणून रेघ तिथे तोडू नका. कोपऱ्यावरून वळवून शेजारच्या भिंतीवर न्या आणि प्रदर्शनाच्या महिन्यापर्यंत ओढा. प्रदर्शन कायमचे असेल तर ही शेवटची रेघ पेन्सिलीनेच ठेवा, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चार सूत वाढवायचे काम एखाद्या वर्गाकडे सोपवा.